सरनाईक सरांचा पासवर्ड

"तुम्ही अध्यापक, कर्मचारी की विद्यार्थी?" मी मान वर न करता विचारलं.

"यातलं काहीच नाही," समोरून उत्तर आलं.

सकाळी सकाळी असं तिरकं उत्तर ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. विद्यापीठाच्या संगणक केंद्रातला मदत कक्ष तेव्हा माझ्याकडे होता. तक्रार नोंदवायची तर स्क्रीनवर आधी या तीनपैकी एका खान्यात खूण करावी लागे, नाहीतर पुढचं पानच उघडत नसे. अध्यापकाची तक्रार असली की त्याच दिवशी माणूस पळायचा. कर्मचाऱ्यांकडे जमेल तसा जायचा. विद्यार्थ्यांना आठवडाभरात उत्तर द्यायचं असं ठरलेलं होतं, म्हणजे बहुतेक वेळा ते दिलंच जात नसे. हे सगळं 'संगणक सेवा धोरण' म्हणून छापून, चौकटीत घालून माझ्या डोक्यावरच्या भिंतीला टांगलेलं होतं.

मी वर पाहिलं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चाळिशी ओलांडलेली बाई. भूगोल विभागातल्या डॉ. अनुसया खिल्लारे. त्यांना मी येता-जाता पाहिलेलं होतं.

"मॅडम, तुम्ही शिकवता ना? मग अध्यापक म्हणा की."

"तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास घेते तेवढ्यापुरती मी विद्यापीठाची. अध्यापकांच्या यादीत माझं नाव नाही, कर्मचाऱ्यांच्या नाही, आणि पीएचडी झाली त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या यादीतूनही गेलं."

"अहो, पण माझ्याकडे खाने तीनच आहेत. मी काय करू?"

"विद्यार्थी करा. मला सवय आहे," असं म्हणून त्या हसल्या.

मी खूण केली. काम काय ते विचारलं. त्यांना विद्यापीठाच्या यंत्रणेत स्वतःचं खातं हवं होतं. स्वतःच्या नावाचं मेल, फायली ठेवायला स्वतःची जागा. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तासिकेवाल्यांना खातं द्यायचं नाही, असं धोरणात स्वच्छ लिहिलं होतं.

"मग इतकी वर्षं तुम्ही काम कुठे करता?"

"सरनाईक सरांच्या खात्यातून."

डॉ. दिगंबर सरनाईक हे भूगोलाचे विभागप्रमुख. आमच्या संगणक समितीचे अध्यक्षही तेच. भिंतीवरच्या धोरणाखाली जी लफ्फेदार सही होती ती त्यांचीच. या माणसाच्या केबिनमध्ये मला महिन्यातून एकदा तरी जावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर मी साबणाने हात धुवायची. अतिशयोक्ती नाही. तोंडात कायम सुपारी, बोटं ओली, आणि तीच बोटं माउसवर. कळफलकाच्या फटींतून सुपारीचा भुगा आणि बिस्किटाचा चुरा निघायचा. "गवांदे मॅडम, जरा मेल उघडून द्या हो, हे तुमचं यंत्र माझं ऐकत नाही," असं म्हणून खुर्चीत तसेच रेलून बसायचे. उठायचेसुद्धा नाहीत. मी बाजूने वाकून तो चिकट माउस धरायचा. शी! आज सांगतानाही कसंतरी होतं.

"म्हणजे सरांनी तुम्हाला पासवर्ड सांगितलाय?" मी विचारलं. पासवर्ड कोणालाही सांगू नये, हा धोरणातला पहिलाच नियम होता.

"त्यांना कुठे माहीत आहे तो?" खिल्लारे मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो. मीच बदलते, मीच लक्षात ठेवते. सर म्हणतात, मला त्या भानगडीत पाडू नका."

मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे हीच रीत होती. जितका माणूस मोठा, तितकं त्याचं खातं दुसरं कोणीतरी चालवायचं. ज्याला स्वतःचा पासवर्ड पाठ असायचा तो हमखास खालच्या पायरीवरचा, असं मी ओळखून होते.

"मग आत्ताच स्वतःचं खातं कशाला हवंय?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सांगितलं. चार वर्षं खपून त्यांनी भूजलावर एक ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला होता. पायी हिंडून गावोगावच्या विहिरी मोजल्या, नकाशे काढले, प्रत्येक धडा लिहिला. चित्रीकरणाच्या वेळी सर म्हणाले, कॅमेऱ्यापुढे मी बसतो, विभागाच्या नावाला वजन येईल. बसले. समोरच्या पडद्यावर बाईंनी लिहिलेलं वाचत गेले. आता तो अभ्यासक्रम राज्याच्या योजनेत सादर व्हायचा होता, आणि लेखक म्हणून एकच नाव होतं, डॉ. दिगंबर सरनाईक.

"यंदा आमच्या विभागात कायम जागा निघाली आहे," त्या म्हणाल्या. "हा अभ्यासक्रम माझ्या नावावर असला तर मुलाखतीला बोलावणं येतंच. नसला तर तासिका आहेतच. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार. म्हणून मी अधिष्ठात्यांकडे तक्रार केली."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, काम तुमचं आहे ना, मग तुमच्या खात्यातल्या मूळ फायली दाखवा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जिला नियमाने खातं द्यायचं नाही, तिलाच म्हणायचं तुझ्या खात्यातला पुरावा आण! आणि तो नियम केला कोणी, तर सरनाईकांनी. मला शिसारी आली. तरी मी करणार काय? अर्ज वर पाठवला. वरून तो 'धोरणात बसत नाही' असा शेरा मारून परत आला.

सुनावणी अधिष्ठात्यांच्या केबिनमध्ये ठेवली होती. संगणक केंद्राचा जबाबदार माणूस हजर हवा म्हणून मला बोलावलं. मी लॅपटॉप लावला, स्क्रीन भिंतीवर दिसेल अशी सोय केली. अधिष्ठाते डॉ. बोरावके मधल्या खुर्चीत. त्यांच्या शेजारी सरनाईक, म्हणजे ज्याच्यावर तक्रार तोच माणूस अधिष्ठात्याच्या मांडीला मांडी लावून, एकाच बशीतले काजू खात. खिल्लारे मॅडम समोर, दाराजवळच्या खुर्चीवर. त्यांना कोणी काजू विचारले नाहीत.

"हं, तर मॅडम," बोरावके म्हणाले, "तुमचं म्हणणं मी वाचलंय. घरातली गोष्ट आहे. सरांनी तुम्हाला लेकीसारखं सांभाळलं, त्यांच्यावर असे आरोप बरे दिसतात का?"

"सर, मी आरोप नाही केला. कामावर माझं नाव घाला, एवढंच म्हणते आहे."

"चेहरा माझा, आवाज माझा," सरनाईक सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाले. "फायली माझ्या खात्यात. आता अजून काय हवं? यांनी मदत केली, मी कुठे नाही म्हणतो? टायपिंग छान आहे यांचं."

टायपिंग! चार वर्षं बाई उन्हातान्हात हिंडली आणि याला टायपिंग दिसलं. माझ्या तोंडात आलं होतं, पण गिळलं.

"एकदा खातं उघडून बघू आणि विषय संपवू," बोरावके म्हणाले. "नाहीतरी अभ्यासक्रम आज संध्याकाळच्या आत सादर व्हायचाय. शेवटची तारीख आहे. गवांदे मॅडम, उघडा."

"मला नाही उघडता येत सर. ज्याचं खातं त्यानेच उघडायचं. धोरण आहे."

"बरोबर, बरोबर. सरनाईक, या इकडे."

सरनाईक उठले. धोतराचा सोगा सावरावा तसा त्यांनी कोट सावरला, माझ्या खुर्चीवर बसले आणि त्या ओल्या बोटांनी माझा लॅपटॉप पुढे ओढला. मी डोळे मिटून घेतले क्षणभर. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी नाव टाइप केलं. मग हात तसाच हवेत राहिला. भिंतीवर, एवढ्या मोठ्या स्क्रीनवर, पासवर्डची रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ.

आणि मग या माणसाने, मानही पुरती न वळवता, रोजच्या सवयीने हाक मारली.

"खिल्लारे बाई, या वेळी पासवर्ड काय ठेवलाय हो?"

सरनाईकांच्या लक्षातच आलं नव्हतं आपण काय बोललो ते. ते उत्तराची वाट बघत बसले होते, बोट कळांवर धरून.

मला वाटलं, संपलं. आता काय राहिलं चौकशी करायचं? स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळा झाला. खिल्लारे मॅडमसुद्धा खुर्चीत ताठ झाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, आशा होती.

बोरावके हसायला लागले. पोट हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"काय हे सरनाईक! तुम्ही पण ना! आमच्या घरी पण हेच. बँकेचा पासवर्ड बायकोला विचारावा लागतो."

सरनाईकही हसले. "वय झालं हो. आणि एवढं कोण लक्षात ठेवणार?"

कोणाला लाज नाही, शरम नाही. दोन म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि तोंडातले काजूचे कण टेबलावर उडत होते. मी खोटं बोलत नाही, पदर तोंडाला लावला मी.

"सांगा मॅडम," बोरावके डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे पुढे सरकू."

"सर," खिल्लारे मॅडम म्हणाल्या, "आत्ता सरांनी मला काय विचारलं ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं. त्यात काय एवढं? कामाचं बोला."

"मग माझं नाव घालणार का?"

"ते नंतर बघू. फार तर आभारात घालू. काय सरनाईक, आभारात चालेल ना?"

"पहिल्या ओळीत घालतो," सरनाईक उदारपणे म्हणाले.

खिल्लारे मॅडमनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला पासवर्ड आठवत नाही," त्या म्हणाल्या.

सरनाईकांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. बोरावक्यांचं हसूही थांबलं. ते माझ्याकडे वळले. "गवांदे मॅडम, नवा पासवर्ड करून द्या. तेवढं तरी होतं ना तुमच्याच्याने? अध्यापकांची अडचण आधी, असं तुमचं धोरण म्हणतं."

होत होतं. 'पासवर्ड विसरलात?' असं चौकटीखालीच लिहिलेलं असतं. ते दाबलं की खातेदाराच्या नोंदवलेल्या मोबाइलवर कोड जातो. तो कोड टाकला की नवा पासवर्ड करता येतो. मी तसं समजावून सांगितलं. सरनाईकांनी खिशातून मोबाइल काढला, समोर टेबलावर ठेवला, वर बोटाने एकदा टकटक केलं. मी बटण दाबलं.

टेबलावरचा मोबाइल गप्प होता.

दाराजवळच्या खुर्चीवरची कापडी पिशवी गुरगुरली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. अगं बाई, म्हटलं, मोबाइल नंबरसुद्धा यांचाच! खातं काढलं त्या दिवशी सरांनी म्हटलं असणार, मला त्या भानगडीत पाडू नका, आणि या बाईने आपला नंबर घातला असणार. इतक्या वर्षांत त्या माणसाला स्वतःच्या खात्यावर कोणाचा नंबर आहे हेही माहीत नव्हतं.

खिल्लारे मॅडमनी पिशवीतून फोन काढला. चष्मा वर करून पाहिला.

"आला ना कोड?" बोरावके म्हणाले. आता आवाजात गोडवा नव्हता. "वाचा."

"खिल्लारे बाई, वाचा लवकर," सरनाईक म्हणाले. "पाच वाजता बंद होतं ते."

"वाचते सर. आधी लेखकाच्या जागी माझं नाव घालू असं लिहून द्या."

"अहो, अटी कसल्या घालता?" बोरावके टेबलावर हात आपटून म्हणाले. "पुढच्या सत्राच्या तासिका कोण वाटतं, माहीत आहे ना? कायम जागेचं तर सोडाच. वाचा तो कोड!"

मी खिल्लारे मॅडमकडे बघत होते. जागा गेली, हे त्यांना कळलं होतं. तासिकाही जाणार, हेही कळलं होतं. कोड वाचला असता तर तासिका तरी राहिल्या असत्या. एवढाच सौदा उरला होता.

त्यांनी फोन पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि उठल्या.

"माझा तास आहे," त्या म्हणाल्या. "मुलं वाट बघत असतील." आणि दार लोटून निघून गेल्या.

सरनाईक तोंड उघडं टाकून बसले होते. आतली सुपारी दिसत होती. बोरावक्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गवांदे मॅडम, तो नंबर तुमच्या बाजूने बदलता येईल ना?"

येत होता. केंद्राच्या मुख्य खात्यातून कोणाचाही नंबर बदलता यायचा. तशी तरतूद होती आणि ती कशी वापरायची हे त्या केंद्रात एकट्या मलाच माहीत होतं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

"नाही सर," मी म्हणाले. "जुन्या नंबरावर कोड आल्याशिवाय नंबर बदलत नाही. धोरण आहे. सरांचीच सही आहे खाली."

मग मी माझा लॅपटॉप ओढून घेतला, झाकण लावलं आणि बाहेर येऊन सरळ नळाखाली धरले हात. कितीतरी वेळ धुतले.

पाच वाजले आणि योजनेची मुदत संपली. अभ्यासक्रम कोणाच्याच नावाने गेला नाही. चौकशीच्या अहवालात बोरावक्यांनी एकच वाक्य लिहिलं, 'संगणक केंद्राकडील तांत्रिक अडचणीमुळे पडताळणी होऊ शकली नाही.' म्हणजे खापर आमच्यावर. पुढच्या सत्रात खिल्लारे मॅडमना एकही तासिका मिळाली नाही. कायम जागेवर बोरावक्यांचा भाचेजावई आला. आला तो आला, आणि पहिल्याच आठवड्यात मदत कक्षात फोन करून म्हणाला, मॅडम, जरा मेल उघडून द्यायला कोणाला तरी पाठवा.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण संगणक समितीची बैठक बसली आणि धोरणात एक नवा नियम आला. नियमित अध्यापकाच्या खात्यास तासिका तत्त्वावरील व्यक्तीने आपला मोबाइल क्रमांक जोडू नये, जोडल्यास तिच्यावर कारवाई होईल. तिच्यावर! दुसऱ्याला राबवून घेणाऱ्यावर नाही, राबणाऱ्यावर. वर सरनाईकांचा निरोप, गवांदे मॅडम, तेवढं नीट टाइप करून चौकटीत लावा, जुनं काढा. मी टाइप केलं नाही. राजीनामा टाइप केला. घरी नवरा म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं, चांगली नोकरी आहे. मी म्हणाले, चांगली असेल, पण मला तिथलं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही आता. मुख्य खात्याची चावी रीतसर दिली. ती वापरायची कशी ते मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी शाळा-कॉलेजांना संगणक कक्ष लावून द्यायचा धंदा काढला. या उन्हाळ्यात एका आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेले होते. शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यांनी पोह्यांची बशी पुढे केली, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई माझ्याकडे बघून हसली. केस पिकले होते, पण पिशवी कापडीच होती.

"विद्यार्थी करा," त्या म्हणाल्या.

मी उठून त्यांचे हात धरले. खूप बोललो. सरांच्या खात्याला पुन्हा हात न लावता भूजलाचे धडे त्यांनी पहिल्यापासून लिहून काढले होते. या वेळी कॅमेऱ्यापुढे त्या स्वतः बसल्या होत्या. पाहणारी माणसं फार नाहीत म्हणाल्या, पण गावातली मुलं बघतात, आणि विहीर खणायच्या आधी चार माणसं विचारायला येतात. आमच्या त्या दिवसाचा विषय दोघींनीही काढला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन गुरगुरला. त्यांनी पाहिलं, आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. सरनाईकांच्या खात्याचा नवा पासवर्ड करण्यासाठीचा कोड आला होता.

"अजून?" मी म्हणाले. "निवृत्त झाले नाहीत का ते?"

"झाले. आता त्यांना कसल्याशा समितीवर घ्यायचं चाललंय, केलेलं काम दाखवायला लागत असेल. वर्षातून दोन-तीनदा येतो असा. मध्ये त्यांनी फोनही केला होता. खिल्लारे बाई, म्हणाले, तेवढा कोड वाचा ना."

"मग?"

"म्हटलं, आत्ता तासावर आहे."

त्यांनी अंगठ्याने तो मेसेज पुसून टाकला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"लिंबू पिळून घ्या," त्या म्हणाल्या. "पोहे गार होतायत."